फोडणीपासून दहा पावलांवर

ऋषिपंचमीच्या भाजीचा नियम सरळ आहे. ज्यात बैलाचे कष्ट आहेत, ते त्या दिवशी पानात नको. नांगरलेल्या शेतातलं धान्य त्यातून बाद होतं. उरतं ते परसात हाताने टोचलेलं आणि कुंपणावर चढलेलं: अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याची कणसं, कोकणात एखादा अंबाडाही. मसाल्याची फारशी भानगड नाही, सगळं एकाच पातेल्यात शिजतं. या भाजीकडे व्रताच्या नजरेने न पाहता माळ्याच्या नजरेने पाहिलं, तर ते वेळापत्रक निघतं. मृगाच्या पावसावर टोचलेली भेंडी पन्नासेक दिवसांत धरते, दोडका-पडवळ दोन महिन्यांत, आणि भाद्रपद शुद्ध पंचमीला हे सगळं एकाच वेळी तोडणीला आलेलं असतं. त्या दिवशी ज्याच्या परसात काही नाही, त्याची पंचाईत. आता अर्थात बाजारात ऋषीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात आणि त्यातल्या माठाला ट्रॅक्टर लागला होता की बैल, हे कोणी विचारत नाही.

परस गेलं, हे खरंच आहे. त्याच्या जागी सहा बाय चार फुटांची बाल्कनी आली आणि तिच्यातही वॉशिंग मशीन, वाळत घातलेले कपडे आणि गॅसचं जादा सिलिंडर. तरी हौशी माणूस पहिल्यांदा तिथे भेंडी लावतो, वांगं लावतो, कोबीसुद्धा लावतो. हिशेब मांडून पाहा. चार माणसांना एका वेळी निदान पाव किलो भेंडी लागते. कुंडीतलं एक झाड दोन-तीन दिवसांआड एक शेंग देतं, आणि आजची शेंग परवा जून होते. म्हणजे एका जेवणाच्या भाजीला पंधरा-वीस झाडं हवीत. बाल्कनीत तेवढ्या कुंड्या मावल्या, तर माणसं मावणार नाहीत.

म्हणून माझं मत असं की शहरातल्या बागेने पोट भरायच्या नादाला लागू नये. तिने चव राखावी. जे आपण किलोने घेतो ते मंडईतून आणावं. जे चिमटीने, काडीने, पानाने मोजतो ते घरी लावावं. फोडणीला कढीपत्त्याची सात-आठ पानं लागतात, चहाला गवती चहाची एक पात, चटणीला पुदिन्याचे दोन शेंडे. इथे कुंडी कमी पडत नाही. शिवाय याच वस्तू अशा आहेत की त्यांच्यात तोडल्यापासून पातेल्यात पडेपर्यंतचा वेळ चवीला कळतो. दुधीभोपळा तीन दिवस जुना असला तर भाजीत कळतही नाही. कढीपत्ता तीन दिवस जुना असला, तर फोडणीच सांगते.

हे का, ते पानातच बघता येतं. वास म्हणजे हवेत उडून जाणारं तेल, आणि झाडं ते वेगवेगळ्या जागी साठवतात. तुळस, पुदिना, सब्जा या एकाच कुळातल्या मंडळींच्या पानांवर बारीक केसांसारख्या तेलाच्या ग्रंथी असतात. हात नुसता घासला तरी त्या फुटतात, म्हणून तुळशीजवळून जाताना पदर लागला तरी दरवळ येतो. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याचं तेल पानाच्या आत, छोट्या कप्प्यांत बंद असतं. पान उजेडासमोर धरलं, तर ते कप्पे टिंबांसारखे दिसतात. त्यामुळे कढीपत्त्याच्या झाडाखाली उभं राहून विशेष काही जाणवत नाही. पान चुरडावं लागतं किंवा तापलेल्या तेलात टाकावं लागतं. गवती चहाचंही तेल पातीच्या आतल्या पेशींत असतं, म्हणून जुन्या बायका पात चहात सोडण्याआधी तिला गाठ मारायच्या किंवा ती हाताने चुरगाळायच्या. लिंबासारखा वास देणारं त्यातलं सिट्रल तेव्हा मोकळं होतं.

स्वयंपाकाचा क्रमही यावरूनच ठरलाय. कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो आणि टिकतो, म्हणून तो आधी. कोथिंबिरीतला वास उष्णतेने उडतो, म्हणून ती गॅस बंद केल्यावर. वाळवणाचंही तेच: ओवा, तमालपत्र वाळूनही बोलके राहतात, वाळलेली कोथिंबीर मात्र गवत होते. फ्रिजमधली जुडी थोडी तग धरते, पण तोडलेलं पान श्वास घेतच असतं, त्याचं पाणी जातं, तेल जातं, आणि पिशवी ओली राहिली तर दोन दिवसांत चिखल होतो.

झाडं हे तेल आपल्या आमटीसाठी बनवत नाहीत, हे लक्षात ठेवलेलं बरं. किडीला, बुरशीला, पानं कुरतडणाऱ्याला दूर ठेवायची ती सोय आहे. म्हणून लाडावलेलं झाड बेचव होतं. भरपूर युरिया आणि सकाळ-संध्याकाळ पाणी दिलेल्या पुदिन्याची पानं हातभर लुसलुशीत दिसतात आणि चटणीला वासच येत नाही. ऊन पुरेसं, खत बेताचं, आणि पाणी वरची माती सुकल्यावर. सुगंधी झाडांचं सगळं शास्त्र एवढ्यात येतं आणि ते आळशी माणसाच्या बाजूचं आहे.

आता कोथिंबीर. भाजीवाल्या मावशी जी दोन मिरच्यांबरोबर पिशवीत वरून टाकतात, ती. फुकट मिळणारी ही वस्तू कुंडीत सर्वांत जास्त लोकांना रडवते. कारण साधं आहे. आपण धना म्हणतो ते बी नसून फळ आहे, आणि त्या गोल फळात दोन बिया एकमेकींना चिकटून असतात. टरफल कडक असतं. म्हणून धने कागदावर पसरून लाटण्याने हलके दाबायचे, गावाकडे चपलेने रगडतात, म्हणजे त्यांची दोन दोन दलं सुटी होतात. मग रात्रभर पाण्यात ठेवायचे. पेरताना बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल. वाण्याकडचे धनेही उगवतात, फार जुने नसले तर. आणि मग आठ-दहा दिवस काहीही होत नाही. मेथी तिसऱ्या दिवशी डोकं वर काढते, त्यामुळे शेजारच्या कुंडीकडे पाहून माणूस धीर सोडतो आणि माती उकरतो. उकरू नये.

दुसरी अडचण तिच्या मुळाची. कोथिंबिरीचं सोटमूळ सरळ खाली जातं, ते हलवलेलं तिला चालत नाही. ट्रेमध्ये रोपं करून मग कुंडीत लावली की रुसते आणि घाईघाईने फुलोऱ्यावर जाते. जिथे खायची तिथेच पेरायची. मार्चनंतर ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की तशीही ती फुलावर येतेच. पानं शेपूसारखी बारीक होतात आणि मधून दांडा वर येतो. लोक इथे झाड उपटून टाकतात. थांबावं. त्या पांढऱ्या-गुलाबी छत्रीसारख्या फुलांवर फुलमाशा येतात आणि त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. पुढे येतात हिरवे धने. हिरव्या धन्याला कोथिंबिरीचा तिखट हिरवा वास आणि धन्याचा गोडवा, दोन्ही असतात, आणि ती अवस्था आठवडा-दोन आठवडेच टिकते. मंडईत ते सहसा मिळत नाहीत. एका मिरचीबरोबर, मीठ घालून, खलबत्त्यात नुसते ठेचावेत आणि गरम भाकरीवर घ्यावेत. कुंडी ठेवल्याचं समाधान ज्याला हवंय, त्याला ते इथे मिळतं.

काही लोकांना कोथिंबिरीला साबणाचा वास येतो आणि त्यांना नखरेल ठरवलं जातं. ते खरं सांगत असतात. कोथिंबिरीचा वास ज्या अल्डिहाइड नावाच्या रसायनांमुळे येतो, त्याच गटातली रसायनं साबणात आणि काही हिरव्या ढेकणांच्या दुर्गंधातही असतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या नावडीचा संबंध वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाशी जोडला गेला. घरात असा कोणी असेल, तर त्याच्या वाटीत कोथिंबीर घालू नये, भांडण मिटतं.

वासाच्या रसायनशास्त्रातली माझी सर्वांत आवडती गोष्ट पुदिन्याची आहे. मंडईत जो पुदिना मिळतो, त्याच्या वासाचा मुख्य मालक कार्वोन नावाचा रेणू. आता बाळंतिणीला द्यायचा बाळंतशेपा, म्हणजे शेपूचं बी, घ्या. त्याच्याही वासातला मोठा वाटा कार्वोनचाच. तेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, डाव्या-उजव्या हातासारखा. आपल्या नाकातले ग्राहकही असेच डावे-उजवे ओळखणारे असल्यामुळे एकाला आपण पुदिना म्हणतो आणि दुसऱ्याला शेपा. दोन कुंड्या शेजारी ठेवून, एक पान आणि चार दाणे चुरडून, हा प्रयोग कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल. शेपूचं नाव काढलं की ज्या घरात दोन तट पडतात, तिथे तो आवर्जून करावा.

पुदिन्याला मात्र कोणाची संगत देऊ नये. त्याची खोडं मातीखालून आडवी पळतात आणि एका पावसाळ्यात सगळी कुंडी बळकावतात. रोप विकत आणायची गरज नाही: जुडीतल्या चार जाड काड्या घेऊन, खालची पानं काढून, पाण्याच्या पेल्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळ्या सुटतात. गवती चहाचंही तसंच. कोणाच्या तरी अंगणात त्याचा ठोंब असतोच. त्यातला मुळासकटचा एक फुटवा मागून आणला की झालं. मागून आणलेली झाडं चांगली जगतात असं आमच्याकडे म्हणतात. शास्त्रीय आधार नाही, पण रोपवाटिकेत हरितगृहात वाढलेल्या रोपापेक्षा शेजारच्या उन्हात रुळलेला फुटवा आपल्या उन्हात लवकर रुळतो, यात नवल नाही.

ओव्याचं झाड म्हणून ज्याची जाड, मऊ, लव असलेली पानं आपण डाळीच्या पिठात बुडवून तळतो, ते ओव्याचं झाड नव्हे. खरा ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, त्याचे दाणे. पानओवा पुदिन्या-तुळशीच्या कुळातला. दोघांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही जवळची रसायनं असतात, म्हणून नाक फसतं. पानओवा मरत नाही. तुटलेली फांदी मातीत खोचली तरी धरते. तो मारायचा एकच खात्रीचा उपाय आहे, रोज पाणी घालणं. ज्याला आयुष्यात एकही झाड जगवता आलेलं नाही, त्याने इथून सुरुवात करावी.

आणि सब्जा. मोठ्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत इटालियन बेझिलची दहा पानं विकायला असतात आणि त्यांची किंमत बघून छाती दडपते. फालुद्यात पडतो तो सब्जा आणि ते बेझिल वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे, वाण वेगळे. वास थोडा निराळा येतो, हे कबूल. पण फालुद्यासाठी आणलेल्या पुडीतल्या चिमूटभर बिया ओल्या मातीवर भुरभुरल्या, तर त्या पाण्यात फुगतात तशाच मातीवरही फुगतात, त्यांच्याभोवती तो बुळबुळीत थर तयार होतो आणि बीजाला ओल धरून ठेवतो. आळिवाचंही हेच तंत्र आहे. फुलोरा दिसला की शेंडा खुडायचा, नाहीतर झाड पानं सोडून बियांच्या मागे लागतं. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडायची आजीची सवय याच कामाची होती.

आता उन्हाबद्दल, कारण बहुतेक बागा कीड किंवा खतामुळे फसत नाहीत, दिशेमुळे फसतात. परदेशी पुस्तकं आणि त्यांची नक्कल करणारे व्हिडिओ सांगतात की दक्षिणेकडची बाल्कनी सर्वोत्तम. लंडनला ते बाराही महिने खरं आहे, कारण तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेलाच असतो. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे त्या दोन-अडीच महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही; वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो. डिसेंबरात उलट. दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि ऊन बाल्कनीच्या भिंतीपर्यंत आत शिरतं. तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीवाल्याने टोमॅटो, मिरची, कोथिंबीर दिवाळीनंतर लावावी आणि पावसाळ्यात अळू-हळदीवर समाधान मानावं. उत्तरेच्या बाल्कनीला हिवाळ्यात काही नाही, पण मे-जूनमध्ये अनपेक्षित ऊन मिळतं. पूर्व बाल्कनी सगळ्यांत समजूतदार. पश्चिमेला एप्रिलच्या दुपारी कोथिंबीर लावणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. तिथे कढीपत्ता, गवती चहा, पानओवा तग धरतात.

गच्ची ज्यांच्या वाट्याला आहे, त्यांना उन्हाची चिंता नाही. त्यांनी वजनाची करावी. आपल्याकडच्या बांधकाम संहितेत वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार धरून आखलेला असतो. ओल्या मातीचा फूटभर जाड थर तेवढ्याच जागेवर साधारण ५०० किलो भरतो. म्हणजे गच्चीवर विटांचा वाफा करून त्यात शेतातली माती ओतणं हा हौसेचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारण्याचा विषय आहे. आणि शेतातली काळी माती कुंडीत घालूच नये. ती ओली झाली की चिकटते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, मुळं कोरडीच.

यावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झाला आहे, त्याची आठवण कमी लोकांना असते. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’ हे नाव द्राक्षबागाईतदारांना ठाऊक आहे. पण दाभोळकरांनी शहरातल्या गच्चीवरच्या नागरी शेतीचाही तेवढाच पाठपुरावा केला. त्यांचा आग्रह असा की झाडाचा खरा कारखाना पान आहे आणि खरा कच्चा माल ऊन. माती ही विकत आणायची वस्तू नसून पालापाचोळा कुजवून घरी तयार करायची वस्तू आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्र्याला गच्चीवर उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि थोडीशी माती एवढ्या भांडवलावर भाज्या-फळं काढून दाखवली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात, जिथे रोज हजारो कर्मचाऱ्यांचा स्वयंपाक व्हायचा, तिथल्या प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघराचा ओला कचरा वर गच्चीवर चढवून बाग फुलवली. भाज्यांचे देठ, सालं जिन्याने वर गेली आणि फळं जिन्याने खाली आली. चिपाडं आणि पानं वजनाला हलकी, पाणी धरून ठेवणारी आणि हळूहळू कुजत खत होणारी, त्यामुळे स्लॅबचा प्रश्नही सुटला.

घरी खत करताना लोक फक्त ओलं घालतात आणि मग वास आला म्हणून बादली फेकून देतात. सालं, देठ, चहाचा चोथा यांत नत्र जास्त. वाळकी पानं, नारळाच्या शेंड्या, पुठ्ठ्याचे तुकडे यांत कर्ब जास्त. खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग हवे असतात. म्हणून ओल्याच्या प्रत्येक थरावर कोरड्याचा निदान तेवढाच थर द्यायचा, आणि अधूनमधून हलवायचं. घाण वास म्हणजे हवा कमी, ओल जास्त. पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या इमारतींना महापालिका मालमत्ता करात सवलत देते. तेव्हा सोसायटीच्या सभेत दुर्गंधीची हाकाटी करणाऱ्यांसमोर करपावती ठेवावी.

कुंडीत लावायच्या गोष्टींमध्ये हळदीला कोणी मोजत नाही, कारण लोकांना गड्डे हवे असतात आणि त्यांना आठ-नऊ महिने लागतात. ‘पी हळद नि हो गोरी’ म्हणणाऱ्यांचं हे काम नव्हे. पण हळदीचं खरं पीक पान आहे. अक्षय्य तृतीयेच्या आसपास ओल्या हळदीचा डोळा असलेला तुकडा मातीत दाबायचा. तिला अर्धी सावली चालते, उलट आवडते. श्रावणापर्यंत हातभर लांब, रुंद पानं तयार होतात, आणि तेव्हाच नागपंचमी आणि मग गणपती येतात. पानावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरून, गूळ-खोबऱ्याचं सारण घालून, पान दुमडून उकडलेल्या पातोळ्या ज्याने खाल्ल्या आहेत, त्याला पुढचं सांगायला नको. गोव्यात हिंदू घरांत श्रावणात होतात तशाच ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला सायबिणीच्या सणालाही पातोळ्या होतात, आणि त्या सुमाराला हळदीच्या पानांना मोठी मागणी असते. मागाहून जानेवारीत पानं पिवळी पडून वाळली की कुंडी उलटी करायची. निघालेल्या गड्ड्यातले थोडे लोणच्याला, एक-दोन पुढच्या वर्षाच्या बेण्याला.

धीर नसलेल्यांसाठी मुंबईकडे समुद्रमेथी आहे. किनाऱ्याजवळच्या वाळूत दाट पेरलेली आणि बोटाएवढी झाली की उपटलेली मेथी, तिच्या बारीक जुड्या मुंबईच्या मंडईत जुन्या काळापासून विकल्या जात आहेत. हीच कल्पना आता मायक्रोग्रीन्स या नावाने चकचकीत डब्यांत येते आणि दहापट भावाने जाते. मिठाईच्या पसरट डब्यात तळाला भोकं पाडून, कोकोपीट किंवा धुतलेली वाळू घालून, मेथी किंवा आळीव दाट पेरावं. खिडकीतलं ऊन पुरतं, खत लागत नाही, आणि दहा-बारा दिवसांत कात्रीने कापता येतं. आळिवाची कोवळी पानं मोहरीसारखी नाकात जातात. दह्याच्या कोशिंबिरीत झकास.

फळभाज्यांपैकी मिरचीला माझी हरकत नाही. एक लवंगी मिरचीचं झाड घराला पुरून उरतं. तिचा तिखटपणा बियांत असतो असं सगळे म्हणतात. तो खरं तर बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो. पक्ष्यांना ती तिखट लागत नाही, म्हणून बुलबुल पिकलेली लाल मिरची बिनदिक्कत खाऊन जातो आणि बी भलतीकडे टाकतो. झाडाचा बेत तोच असतो.

दोडका, घोसाळी, कारली लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की फुलं खूप येतात, फळ धरत नाही. या वेलींना नर आणि मादी फुलं वेगळी येतात, आणि सुरुवातीला बहुतेक नरच. मादी फुलाच्या मागे इवलासा दोडका आधीच तयार असतो, त्यावरून ओळखायची. नवव्या मजल्यावर मधमाशी रोज येईलच असं नाही, तेव्हा नर फूल तोडून त्याचा केसर मादी फुलाच्या मध्यावर हळूच टेकवायचा. वेळ मात्र वेलीची पाळायची. घोसाळ्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, आणि दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळनंतर, कारण त्याचे गिऱ्हाईक पतंग आहेत. टोमॅटोला हे काही लागत नाही. फुलांचा घोस टिचकीने हलवला की परागकण झडतात. निसर्गात हे काम पंखांचे स्नायू थरथरवणाऱ्या काही रानमाश्या करतात. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ती थरथर जमत नाही.

अळवाबद्दल एवढंच: काळ्या देठाचं वडीला, हिरवं फतफत्याला, आणि चिंच किंवा आमसूल विसरायचं नाही. पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांनी घसा खवखवतो. मोरीच्या सांडपाण्यावर वाढणारं हे झाड एसीच्या नळीखाली ठेवलं तर खूश असतं, आणि एसी म्हातारा असेल तर फारच.

किडींपैकी मावा आणि पिठ्या ढेकूण साबणाच्या सौम्य पाण्याने आणि निंबोळी तेलाने आवरतात. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की पानाच्या मागे मावा शोधावा. त्याच्यातून झिरपणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्याची राखण करतात. पण कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर फवारणीची बाटली हातातून खाली ठेवावी. ती शीट नसते. लिंबाळी किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची ती लहान अळी असते आणि पक्ष्यांपासून लपायची ही तिची युक्ती. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून लाल-केशरी दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. ज्या तेलाने झाड इतर किडींना हाकलतं, त्याच तेलाच्या वासावरून ही फुलपाखरं अंडी घालायची जागा ओळखतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्या राणी पाकोळीची निवड केली, तीही याच गोत्रातली आणि तिच्याही अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात.

अळीला दोनेक आठवडे लागतात आणि तेवढ्यात ती आपल्या बऱ्याच फोडण्या खाते. कढीपत्ता कमरेएवढा असेल तर खाऊ द्यावं, शेंडे खुडल्यासारखंच होतं आणि खालून नवा फुटवा येतो. रोप वीतभरच असेल, तर अळी बसलेलं पानच तोडून, सोसायटीच्या आवारात कढीपत्त्याचं जे मोठं झाड असतं, त्यावर नेऊन ठेवावं. ते झाड सहसा पार्किंगच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे असतं, आणि त्याची पानं सगळी इमारत नेत असते.